आईच्या गुडघ्याची तारीख पुन्हा आली आहे. घ्यावी का?

रानजाई | १ नोव्हेंबर २०२०, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. वैद्यकीय सल्ला नकोय, तो डॉक्टरांकडून घेऊन झालाय. मला जे विचारायचंय ते डॉक्टरांना विचारायला जीभ रेटली नाही.

आई ६८ वर्षांची. डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. उजव्या गुडघ्यातली गादी संपलेली, एक्सरेमध्ये हाडाला हाड टेकलेलं दिसतं. मधुमेह आहे, गोळ्यांनी आटोक्यात. २६ मार्चला गुडघा बदलायचं ठरलं होतं. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २४ च्या रात्री टाळेबंदीची घोषणा, आणि २५ ला हॉस्पिटलचा फोन की ठरलेल्या सगळ्या शस्त्रक्रिया रद्द. तेव्हापासून ती जिना उतरलेली नाही. बिल्डिंगमधली मंडळी लॉकडाऊनच्या नावाने बोटं मोडायची तेव्हा ही म्हणायची, माझा तर दोन वर्षं आधीच लागलाय.

दसरा झाल्यावर हॉस्पिटलमधून फोन आला. "मॅडम, आपलं जॉइंट रिप्लेसमेंट सुरू झालंय, दिवाळीच्या आधीची तारीख देऊ शकतो, नंतर गर्दी होईल." पॅकेजमध्ये स्वॅब टेस्ट धरलेली, पीपीई किटचे वेगळे. मी हो म्हणणारच होते.

त्याच दिवशी आईकडच्या कामाच्या मावशी सात महिन्यांनी आल्या. वांगणीहून येतात. बायकांना ११ ते ३ लोकलमध्ये सोडायला लागले म्हणून आता जमतं. वय ५४, डावा खुबा गेलाय. पालिकेच्या एका रुग्णालयात जानेवारीत नाव लागलं होतं, मग तो वॉर्डच कोविडचा झाला. त्यांना कुणाचाही फोन आलेला नाही. खाली बसता येत नाही, म्हणून त्यांनी उभ्यानेच, पायाने फडका सरकवत फरशी पुसली. आई पलंगावरून बघत होती, मी दारातून.

धोका आहे का, असं मी विचारत नाहीये. आत्ता करून घेणं बरोबर आहे का, असं विचारतेय.

तिरकस | १ नोव्हेंबर २०२०, सकाळी १०:५०

"दिवाळीच्या आधीची तारीख आहे, नंतर गर्दी होईल" हे वाक्य मी फ्रिज घेताना ऐकलंय.

२१ मेच्या आदेशाने सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डाला दिवसाला ४,०००, आयसीयूला ७,५००, व्हेंटिलेटर लागला तर ९,०००. आता कोविडच्या खाटा रिकाम्या व्हायला लागल्या आणि त्याच आठवड्यात तुमच्या आईंच्या गुडघ्याची आठवण झाली. योगायोग हो, दुसरं काय.

हाडवैद्य | १ नोव्हेंबर २०२०, रात्री ११:४०

नाशकात हाडांचा डॉक्टर आहे. गुडघे बदलणं हा माझ्या कमाईचा मोठा भाग आहे, तेव्हा माझं म्हणणं मीठ लावून घ्या.

आधी एका शब्दाबद्दल. या शस्त्रक्रियांना पेपरवाले "ऐच्छिक" म्हणतात. ते इलेक्टिव्हचं भाषांतर आहे, आणि फसलेलं. ऐच्छिक म्हणजे शाळेत संस्कृत घ्यायचं की हिंदी. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच की तारीख ठरवून करता येते, आज रात्रीच करायला हवी असं नाही. मोतीबिंदू यातच येतो, हर्निया यातच, कॅन्सरच्याही पुष्कळ शस्त्रक्रिया यातच. मार्चमध्ये केंद्राने "तातडीच्या नसलेल्या पुढे ढकला" म्हटलं ते त्या वेळी बरोबरच होतं. पण सात महिन्यांत लोकांनी त्याचा अर्थ "हौसेच्या" असा करून घेतला. हौसेने कोणी मांडीचं हाड कापून घेत नाही.

थांबल्याने काय होतं ते सांगतो, कारण हा हिशेब कुणी मांडत नाही. मांडीचा पुढचा स्नायू वाळतो, आणि ऑपरेशननंतर चालायचं असतं ते त्याच्याच जोरावर. पाय आणखी बाहेर वाकतो. फारच वाकला की साधा सांधा पुरत नाही, हाडात दांडा जाणारा लागतो. हालचाल नाही म्हणून साखर वाढते, आणि साखर वाढलेल्या माणसात जंतुसंसर्गाची भीती जास्त. दुखतं म्हणून गोळ्या, आणि मधुमेह्याच्या किडनीला त्या गोळ्या म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. माझ्या एक आजी एप्रिलपासून मेडिकलवाल्याकडून स्वतःच गोळ्या आणत होत्या. ऑगस्टमध्ये आल्या तेव्हा क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) इतकं वाढलं होतं की आता गुडघ्याचा विषयच बाजूला पडलाय.

तिरकसराव, तुमचा टोमणा अंगाला लागला कारण तो निम्मा खरा आहे. एप्रिल-मेमध्ये आमची ओटी (ऑपरेशन थिएटर) बंद होती. स्टाफला अर्धा पगार दिला. एक वॉर्डबॉय गावी जाऊन भाजीची गाडी लावून बसला, अजून परत आला नाही. सुरू करायची घाई आम्हालाही आहे, आणि घाई नाही म्हणणाऱ्या डॉक्टरपासून जरा सांभाळून राहा. आता पॅकेजचं. सांध्याची किंमत सरकारने ऑगस्ट २०१७ मध्येच बांधली, साध्या कोबाल्ट-क्रोमच्या गुडघ्याला ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी. बांधली ती सांध्याची. बाकीचं पॅकेज मोकळंच आहे.

तिरकस | २ नोव्हेंबर २०२०, सकाळी ८:०५

प्रामाणिकपणाला दंडवत. (यात तिरकस काही नाही.)

गुंगी | २ नोव्हेंबर २०२०, दुपारी ३:३०

भूलतज्ज्ञ आहे, पुण्यात. रानजाई, "धोका आहे का असं विचारत नाही" म्हणालात, पण धोका माहीत असल्याशिवाय बरोबर की चूक ते कसं ठरवणार?

एक आकडा व्हॉट्सॲपवर फिरतोय, "आता ऑपरेशन केलं की पाचातला एक जातो." तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या मेअखेरच्या अभ्यासातून उचललाय. २४ देश, २३५ रुग्णालयं, ११२८ रुग्ण. त्यातले २३.८ टक्के तीस दिवसांत दगावले, आणि आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांमध्येही १८.९ टक्के. भयंकर आहे. पण हे सगळे शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविड झालेले रुग्ण होते. ऑपरेशन झालेल्या सगळ्यांचा तो आकडा नाही. म्हणजे गुडघा बदलताना कोविड झाला तर संकट मोठं, पण तो होऊ न देणं बरंचसं हातात आहे. आधी घरात विलगीकरण, मग स्वॅब, नॉन-कोविड वॉर्ड वेगळा, पूर्ण बेशुद्ध न करता मणक्यात इंजेक्शन, लवकर घरी, फिजिओथेरपी घरीच. स्वॅब निगेटिव्ह आला म्हणजे कोविड नाहीच, असं मात्र नसतं.

यात आमचाही जीव असतो हे कुणी मोजत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये करवत चालते, ड्रिल चालतं, तुषार उडतात. ओटीत सहा-सात जण पीपीईमध्ये दोन तास उभे. चष्म्यावर वाफ धरते, त्यावर मी साबण फासून बघितला, डोळ्यांतून पाणी आलं. गेल्या सहा महिन्यांत आम्ही आयसीयूत राबलो आणि लगेच "चला, गुडघे सुरू". सिस्टर लोकांना कुणी विचारलं का?

आणि ते "कोविड संमतीपत्र". माझ्यासमोर सही घेतात. त्यातलं अर्धं कोविड झाल्यास हॉस्पिटल जबाबदार नाही हे सांगण्यात खर्ची पडलेलं असतं. वर लिहिलेला १८.९ चा आकडा आणि त्याचा खरा अर्थ त्यात कुठेच नसतो. नुसत्या सहीला संमती म्हणायला मी तयार नाही.

फडताळ | २ नोव्हेंबर २०२०, रात्री ९:१५

मी ७४. दोन्ही गुडघे. माझी तारीख एप्रिलची होती, मलाही फोन आला, मी नको म्हणून सांगितलं. सूनबाई चिडली. म्हटलं, अगं बाहेर माणसं खाटेसाठी फिरतायत, मी गुडघ्यासाठी चार दिवस खाट अडवू?

मग रात्री झोप येईना (गुडघे!) तेव्हा विचार आला. मी नको म्हटलेली ती खाट गेली कुठे? कोविडवाल्याला मिळाली? रानजाईंच्या त्या मावशींसारख्या कुणाला मिळाली? हाडवैद्य, सरळ उत्तर द्या. माझं थांबणं कुणाच्या कामी आलं?

हाडवैद्य | २ नोव्हेंबर २०२०, रात्री ११:५८

सरळ उत्तर द्यायचं तर, कुणाच्याच नाही, नाना. तुमच्या नंतरच्या पैसेवाल्याला मिळाली. किंवा रिकामी राहिली.

शहरात खाटाच नसतील, ऑक्सिजन नसेल, माणसं आयसीयूत अडकली असतील, तेव्हा तुमचं थांबणं दुसऱ्याच्या उपयोगी पडतं. सप्टेंबरात तसं होतं. ती वेळ सरली की तुमचा त्याग कुठल्याच खात्यात जमा होत नाही, कारण माझी रांग आणि सरकारी रुग्णालयाची रांग या दोन वेगळ्या रांगा आहेत. मध्ये भिंत आहे.

रानजाई | ३ नोव्हेंबर २०२०, सकाळी ७:२०

नाना, माझा प्रश्न मला नीट मांडता आला नव्हता, तुम्ही मांडलात.

वॉर्ड सात | ३ नोव्हेंबर २०२०, दुपारी १:१०

भिंतीपलीकडून लिहितोय. सरकारी रुग्णालयात ऑर्थोचा निवासी डॉक्टर, दुसरं वर्ष. कुठल्या ते विचारू नका.

मार्चपासून माझी निम्मी ड्युटी कोविड वॉर्डात. फ्रॅक्चर चालूच होती, माणसं पडायची थांबत नाहीत. पण सांधेरोपण शून्य. तीन वर्षांतलं एक वर्ष असंच जाणार, उद्या मी पदवी घेऊन बाहेर पडेन आणि तुमच्याच कुणाचा तरी गुडघा माझ्यासमोर येईल. हाही खर्च कुठेतरी लिहून ठेवा.

आमच्याकडची यादी म्हणजे एक जाड वही. परवा सिनियर म्हणाले, सुरू व्हायची चिन्हं आहेत, फोन लावायला घे. लावले. दर चारातला एक नंबर बंद. कोणी गावी गेलं, कोणी रिचार्ज मारला नाही. एक जण म्हणाला, साहेब, सांध्यासाठी जमवलेले पैसे लॉकडाऊनमध्ये खाल्ले. आमच्याकडे ऑपरेशन फुकटात होतं, पण इम्प्लांटचे (कृत्रिम सांध्याचे) पैसे समाजसेवा अधिकाऱ्यांकडून ट्रस्टांना अर्ज करून उभे करावे लागतात, आणि ट्रस्टांचे पैसे यंदा रेशन किटमध्ये गेले. चूक कुणाचीच नाही.

फोन लागला नाही की त्या नावापुढे मी पेन्सिलीने फुली मारतो. त्या फुलीची मला लाज वाटते. मावशींना सांगा, रुग्णालयात स्वतः जाऊन नवा नंबर लिहून या. दोन लिहा, एक शेजाऱ्याचा.

बर्मिंगहॅमकर | ३ नोव्हेंबर २०२०, दुपारी ४:४५

वॉर्ड सात, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसले होते.

मी इथे एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, फिजिओ आहे. इथे निदान रांग एकच आहे. मार्चमध्ये एनएचएसने खासगी रुग्णालयांच्या सुमारे ८००० खाटा एकगठ्ठा घेतल्या. सर्जन संघटनांनी सगळ्या शस्त्रक्रियांची प्रतवारी केली. पहिल्या वर्गातल्या २४ ते ७२ तासांत, दुसऱ्या महिन्याभरात, तिसऱ्या तीन महिन्यांत, चौथ्या त्याहून उशिरा चालतील अशा. गुडघे-खुबे बहुतेक चौथ्यात. हल्ली पाचवा वर्गही आलाय, जे स्वतःच कोविडच्या भीतीने थांबतो म्हणतात त्यांचा. म्हणजे फडताळकाकांचा. त्यांचं नाव यादीतून जात नाही, हे मला आवडलं.

पण चौथा वर्ग म्हणजे कायम शेवटी. दर आठवड्याला वरच्या वर्गात नवीन माणसं येतात आणि चौथ्यातली होती तिथेच. जीव जात नाही, म्हणून थांबवता येतं. महासाथीच्या आधी इथे एक अभ्यास झाला होता. सांधा बदलायला थांबलेल्यांना चालणं, आंघोळ-कपडे, वेदना, मनःस्थिती असं विचारून गुण देतात. शून्य म्हणजे मृत्यूइतकी अवस्था, त्याच्या खाली म्हणजे मरणापेक्षा वाईट. खुब्यासाठी थांबलेल्यांतले १९ टक्के आणि गुडघ्यासाठी थांबलेल्यांतले १२ टक्के शून्याच्या खाली होते. आणि ते साधे दिवस होते.

तिरकस | ३ नोव्हेंबर २०२०, संध्याकाळी ६:००

विलायतेचं कौतुक पुरे. तिथेही पैसे टाकले की खासगीत लवकर होतं, माझ्या मेहुण्याने करून घेतलंय.

बर्मिंगहॅमकर | ३ नोव्हेंबर २०२०, संध्याकाळी ६:२२

होतं. नाकारत नाही.

मीठभाकर | ४ नोव्हेंबर २०२०, सकाळी ११:००

धागा वादात भरकटायच्या आत कामाचं लिहिते. भिंतीला एक दार आहे. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना आहे. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. ट्रस्टच्या मोठमोठ्या रुग्णालयांना हे लागू आहे, पण तिथल्या काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

आता यातली मेख. गरिबांच्या उपचारांसाठी या रुग्णालयांना एक वेगळा निधी ठेवावा लागतो, आणि त्यात बाकीच्या सगळ्या रुग्णांच्या बिलांच्या २ टक्के रक्कम जाते. पैसेवाल्यांची ऑपरेशनं बंद झाली की बिलं आटतात, आणि त्याबरोबर हा निधीही. म्हणजे रानजाई, तुमच्या आईंनी ट्रस्टच्या रुग्णालयात करून घेतलं, तर त्यातला वाटा कागदावर तरी मावशींसारख्या कुणाकडे जातो. न करून घेतल्याने काहीच जात नाही.

"आपण थांबलो म्हणजे नैतिक" हे मला पटत नाही. त्यात स्वतःला चांगलं वाटण्यापलीकडे काही नसतं. (नाना, तुम्हाला नाही म्हणत.)

फडताळ | ४ नोव्हेंबर २०२०, सकाळी ११:४०

मलाच म्हणताय, आणि बरोबर म्हणताय. पण एक राहिलं. चार दिवस डॉक्टर, आकडे, विलायत सगळं झालं. रानजाई, आईंना विचारलंत का?

रानजाई | ५ नोव्हेंबर २०२०, रात्री १०:०५

नव्हतं विचारलं. काल विचारलं.

मला वाटलं होतं देऊळ म्हणेल, नाहीतर नातवंडं. ती म्हणाली, "नोव्हेंबर लागलाय, बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचाय. तू म्हणतेस घरी माणूस बोलावू, मोबाइलवर होतं. नको. आपण जिवंत आहोत हे सांगायला तरी मी स्वतःच्या पायांनी जाईन."

मग म्हणाली, "कर म्हणालीस तर करीन, पण मावशींना माझं ऑपरेशन आहे हे तू सांगायचं, मी नाही सांगणार."

दिवाळीत गर्दी करायची नाही असं ठरलं. ट्रस्टच्या दुसऱ्या रुग्णालयात जानेवारीची तारीख घेतली आहे. मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, मग स्वयंपाकाला मीच येते महिनाभर."

सगळ्यांचे आभार. कळवत राहीन.

रानजाई | १४ मार्च २०२१, दुपारी १२:३०

धागा वर काढतेय. जानेवारीत दाखल व्हायच्या आदल्या दिवशी आईचा स्वॅब पॉझिटिव्ह आला. ना ताप, ना खोकला. जिना न उतरलेल्या बाईला कोविड कुठून झाला? माझ्याकडूनच, दुसरं कोण. मी ऑफिसला जायला लागले होते. आई बरी आहे. तारीख पुन्हा गेली. आता डॉक्टर म्हणतात एप्रिलमध्ये करू. किती थांबावं?

गुंगी | १४ मार्च २०२१, संध्याकाळी ५:१०

नेमका याच आठवड्यात मोठा अभ्यास आलाय. ११६ देश, १,४०,२३१ रुग्ण. कोविड होऊन गेल्यावर पहिले सहा आठवडे शस्त्रक्रियेतला धोका चढा राहतो, सात आठवड्यांनी तो कोविड न झालेल्यांच्या पातळीवर येतो. दम लागणं वगैरे लक्षणं टिकून असतील तर मात्र आणखी थांबावं. आईंना लक्षणंच नव्हती, सात आठवडे होऊन गेलेत. त्या दृष्टीने एप्रिलला माझी हरकत नाही. पण मुंबईचे आकडे ज्या वेगाने चढतायत ते बघता एप्रिलचं मी कुणालाच वचन देणार नाही. लसीचं डॉक्टरांशी आताच बोलून ठेवा.

हाडवैद्य | १९ एप्रिल २०२१, पहाटे २:२०

आमच्याकडे सगळी ठरलेली ऑपरेशनं पुन्हा बंद. या वेळी आदेशाची वाट बघितली नाही, ओटीतले ऑक्सिजन सिलिंडर स्वतः उचलून वॉर्डात दिले. मणक्यात भूल दिली तरी सिलिंडर बाजूला लागतोच, आणि आत्ता नाशकात एकेका सिलिंडरला किंमत आहे. नोव्हेंबरात मी लिहिलं होतं की वेळ सरली की थांबणं कुणाच्या उपयोगी पडत नाही. आज पडतंय. रानजाई, आईंना सांगा.

रानजाई | १९ एप्रिल २०२१, सकाळी ६:४५

सांगितलं. "मग काय, राहू दे," एवढंच म्हणाली. तुम्ही झोपा जरा.

वॉर्ड सात | ८ ऑगस्ट २०२१, रात्री ११:३०

पुन्हा सुरू होतंय, आणि वहीत नवीन नावं येतायत ती वेगळीच आहेत. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेली तिशी-चाळिशीतली माणसं, खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटलेली. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी असे तीन रुग्ण बीएमजे केस रिपोर्ट्स या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलेत. तिघेही चाळिशीच्या आतले, कोविडनंतर सरासरी ५८ दिवसांत खुबा दुखायला लागलेला. लवकर आले म्हणून त्यांना गोळ्या-औषधांवर ठेवता आलं. आमच्याकडे येतात तोवर हाडाचा गोळा खचलेला असतो, मग बदलण्याशिवाय इलाज नाही.

आता सांगा, वहीत कुणाचं नाव वर घ्यायचं? ३६ वर्षांचा रिक्षावाला, घरात तीन पोरं, की २०१९ पासून थांबलेली ७० वर्षांची आजी? सिनियर म्हणतात, कमावता आहे, आधी त्याला घे. मी आजीच्या नावाकडे बघतो. तिने दोन लाटा काढल्या, फोन बदलला नाही, दर महिन्याला येऊन विचारून जाते.

तिरकस | ९ ऑगस्ट २०२१, सकाळी ९:००

आजी. रांग म्हणजे रांग. एकदा "कोण जास्त उपयोगी" विचारायला लागलात की आमच्यासारखे निवृत्त कायमचे तळाला.

मीठभाकर | ९ ऑगस्ट २०२१, सकाळी ९:३५

रिक्षावाल्याची पोरं शाळेतून काढली गेली तर ती परत जात नाहीत. मी त्याला घेईन. आणि रात्री झोप लागणार नाही.

बर्मिंगहॅमकर | ९ ऑगस्ट २०२१, दुपारी २:००

वय किंवा कमाई विचारण्यापेक्षा अवस्था विचारा. रात्री झोप लागते का, संडासला स्वतः जाता येतं का, गोळ्यांनी किडनी जातेय का, कुणाला आणखी सहा महिने थांबवलं तर ऑपरेशन अवघड होऊन बसेल. दोघांनाही तेच प्रश्न, आणि ज्याचं उत्तर वाईट तो वर. मी मागे लिहिलेला शून्याखालचा आकडा आठवतोय? महासाथीतल्या पाहणीत खुब्यासाठी थांबलेल्यांत तो ३५ टक्के झाला, गुडघ्यासाठी २२. इंग्लंडची एकूण प्रतीक्षायादी ५० लाखांच्या वर गेली आहे. माझी "निदान एकच" रांग अशी लांबलीय.

वॉर्ड सात | १० ऑगस्ट २०२१, रात्री १२:४०

विचारले तेच प्रश्न दोघांना. दोघांची उत्तरं सारखीच वाईट निघाली. दोघांना एकाच आठवड्यात घ्यायचं म्हणून सिनियरांच्या मागे लागलोय. इम्प्लांटचे पैसे एकाचेच आलेत.

रानजाई | ६ मार्च २०२२, सकाळी १०:३०

शेवटचं कळवायचं राहिलं होतं. आईचे दोन डोस झाल्यावर सप्टेंबरात गुडघा झाला. तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालली, सहाव्या आठवड्यात जिना. नोव्हेंबरात बँकेत गेली. क्लार्क म्हणाला, आजी, ऑनलाइन होतं की. तिने त्याला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

मावशींचं ट्रस्टच्या रुग्णालयातून जमतंय. तीन खेपा नुसत्या कागदांसाठी झाल्या, मीठभाकर सोबत नसत्या तर पहिल्याच खेपेला परत आलो असतो. तारीख २३ मार्च मिळाली आहे. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून ती पुढे गेली तर पुन्हा तहसीलदार. पालिकेच्या वहीतून त्यांना अजून फोन नाही.

एक विचारायचं होतं. आईची कमोड खुर्ची मावशींना द्यायची आहे, त्यांच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास आहे. खुर्ची गुडघ्याच्या वेळी घेतलेली. खुब्याला तीच चालेल का?

हाडवैद्य | ६ मार्च २०२२, रात्री ११:१५

चालेल, पण उंच करा. पायांना भोकं असतात, बटण दाबून सरकवायचं, चारही पाय सारखे. बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहिले पाहिजेत. पायांची रबरी बुचं झिजली असतील तर बदलून घ्या, ओल्या लादीवर सरकते.